खुडणे, वेचणे, ओरबाडणे

मराठीत फूल हाताशी येण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आणि प्रत्येक तऱ्हेला आपलं क्रियापद. मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, पारिजातक वेचायचा, आणि जाता जाता दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद ओरबाडायची. पहाटे परडी घेऊन निघालेल्या आजीला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. इंग्रजी कवितेतल्या एका जुन्या विषयाकडे बघताना मला मात्र तो फार उपयोगी पडला. म्हणून सुरुवात तिथून.

इ. स. पूर्व २३ च्या सुमारास रोमन कवी हॉरेसने आपल्या गीतांचे तीन भाग प्रसिद्ध केले. पहिल्या भागातलं अकरावं गीत जेमतेम आठ ओळींचं आहे. ल्युकोनोए नावाच्या बाईला कवी सांगतो की बाबिलोनी ज्योतिषांच्या आकडेमोडीच्या नादी लागू नकोस, आपलं आयुष्य किती हे विचारत बसू नकोस. बाहेर हिवाळा समुद्राला खडकांवर आपटून दमवतो आहे, तू घरात मद्य गाळून घे, लांबलेली आशा छाटून आखूड कर. मग येतात ते दोन प्रसिद्ध शब्द, ‘कार्पे दिएम’. गाळणं, छाटणं, सगळी भाषा द्राक्षमळ्याची. ‘कार्पेरे’ हे क्रियापदही त्याच शिवारातलं, पिकलेलं फळ किंवा फूल देठापासून अलगद वेगळं करण्याचं. म्हणजे आपलं खुडणं. खरड छाटणी आणि गोडी छाटणी करणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराला ही ओळ इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या आधी कळेल.

इंग्रजीत त्याचं ‘सीझ द डे’ झालं आणि घोटाळा झाला. ‘सीझ’मध्ये झडप आहे, जप्ती आहे. बँक कर्ज थकवणाऱ्याचा ट्रॅक्टर ‘सीझ’ करते. १९८९ साली आलेल्या ‘डेड पोएट्स सोसायटी’ या चित्रपटाने तर हे वाक्य घरोघर पोचवलं. आता ते कॉफीच्या मगावर आणि जिमच्या भिंतीवर असतं. आमच्या वेळच्या बी.ए.च्या गाइडमध्ये या सगळ्या कवितांचा अर्थ एका ओळीत उरकलेला असे, ‘कवी क्षणाचा उपभोग घेण्यास सांगतो’. चूक नाही, पण एवढ्यावर थांबलं की कवितेतला खरा मजकूर निसटतो. आयुष्य थोडं आहे, ही काही बातमी नव्हे. ती सगळ्यांना ठाऊक असते. बघायचं असतं ते हे की ती बातमी कोण, कुणाला, कशासाठी सांगतो आहे.

कारण त्याच बातमीवरून अगदी उलट निष्कर्षही काढता येतो. इंग्लंडात तो आधी काढला गेला. बीड नावाच्या साधूने इ. स. ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासग्रंथात एक प्रसंग आहे. इ. स. ६२७ च्या सुमाराचा. नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन नवा ख्रिस्ती धर्म घ्यावा की नाही, याचा खल करतो आहे. एक सरदार म्हणतो, महाराज, हिवाळ्यात आपण शेकोटीभोवती जेवायला बसलेलो असतो, बाहेर पाऊस आणि बर्फ, आणि एक चिमणी या दारातून आत येऊन त्या दारातून निघून जाते. आत असते तेवढा वेळ तिला ऊब. आधी काय, नंतर काय, कुणाला माहीत? माणसाचं आयुष्य असंच. हॉरेस असता तर म्हणाला असता, मग वाढा मद्य. सरदार म्हणतो, मग हा नवा धर्म पुढचं काही सांगत असेल तर ऐकू या. एक्झेटरच्या कॅथेड्रलमध्ये जपलेल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात ज्या जुन्या इंग्रजी कविता आहेत, त्यांतही हाच सूर. घोडे गेले, धनी गेले, मेजवान्यांचे वाडे ओस पडले, तेव्हा वर लक्ष ठेवा. आपल्याकडे संतांनी देह नाशिवंत म्हणून हरिनाम घ्या असं सांगितलं आणि चार्वाकाने त्याच देहाकडे बोट दाखवून तूप खा असं सांगितलं, तसंच हे. पहिलं विधान एकच, दुसऱ्यावर भांडण.

रोमन कवींचं भांडण इंग्रजीत शिरलं ते सोळाव्या शतकात, फ्रान्स आणि इटलीच्या वाटेने. फ्रान्सच्या रोन्सारने १५५३ मध्ये गुलाबाची कविता लिहिली. सकाळी उमललेला गुलाब संध्याकाळी बघायला चल, असं तो एका मुलीला म्हणतो आणि पाकळ्या गळलेल्या दाखवतो. इटलीच्या तास्सोने १५८१ च्या महाकाव्यात हाच उपदेश जादूगारिणीच्या बागेतल्या एका बोलक्या पक्ष्याच्या चोचीत घातला. एडमंड स्पेन्सरने १५९० च्या ‘फेअरी क्वीन’मध्ये ते गाणं जवळजवळ उचललं, आणि अशा गोडव्याने इंग्रजीत आणलं की वाचणारा त्या बागेत रेंगाळतोच. पुढच्याच पानांवर त्याचा नायक सर गायन ती बाग मुळासकट उद्ध्वस्त करतो. स्पेन्सरला गाणंही हवं होतं आणि कुऱ्हाडही. ही अडचण त्याची एकट्याची नव्हती.

बेन जॉन्सनने ती फार चलाखीने सोडवली. ‘व्होल्पोनी’ हे त्याचं नाटक १६०६ च्या आसपास रंगभूमीवर आलं. व्हेनिसमधला व्होल्पोनी नावाचा एक धनाढ्य लबाड मरायला टेकल्याचं सोंग घेऊन पडलेला असतो आणि वारसा मिळेल या आशेने लोक त्याला नजराणे आणत असतात. एक नवरा तर आपली बायको सेलिया हिलाच त्याच्या खोलीत आणून सोडतो. नवऱ्याची पाठ वळताच मरणोन्मुख म्हातारा टुणकन उठतो आणि सेलियापुढे गाणं म्हणतो. काळ कायमचा आपला नाही, सूर्य मावळून पुन्हा उगवतो, आपण मावळलो की कायमचे, या अर्थाचं. हा सगळा मुद्दा कॅटलस या रोमन कवीकडून घेतलेला. सेलिया नकार देते, गाण्याचा उपयोग होत नाही, आणि व्होल्पोनी जबरदस्तीवर येतो तेवढ्यात कुणीतरी धावून येतं. दहा वर्षांनी, १६१६ मध्ये, जॉन्सनने तेच गाणं आपल्या संग्रहात स्वतंत्र प्रेमगीत म्हणून छापलं. खोली गेली, विकाऊ नवरा गेला, सोंगाडा गेला, उरलं नुसतं गोड गाणं. पुढच्या काव्यसंग्रहांत मुलांनी वाचलं ते हे. या विषयाच्या कवितांबाबत माझा एक संशय तेव्हापासून पक्का आहे की प्रत्येकीच्या मागे कुठेतरी एक खोली असावी, आणि छापताना ती गाळली जात असावी.

खोलीतल्या बाईचं उत्तर क्वचितच ऐकू येतं. ख्रिस्तोफर मार्लोच्या मेंढपाळाने आपल्या प्रियेला गुलाबांची शेज आणि लोकरीचा झगा देऊ केला. कविता छापली गेली १५९९ मध्ये. मार्लो त्याआधी सहा वर्षं, १५९३ च्या मे महिन्यात, डेटफर्डमधल्या एका घरात भोसकला जाऊन एकोणतिसाव्या वर्षी मेला होता. १६०० च्या एका संग्रहात त्या मेंढपाळाला त्याच्या प्रियेचं उत्तर छापून आलं. गंमत बघा, मार्लोच्या कवितेत काळाचा मुद्दाच नाही; तो काढते ती ही बाई. फुलं सुकतात, झगे फाटतात, तारुण्य टिकत नाही, म्हणून मी येणार नाही. पुरुषांनी होकार मागायला वापरलेलं शस्त्र तिने नकारासाठी उलटं धरलं. मात्र हे उत्तरही बाईचं नव्हे; ते वॉल्टर रॅलेच्या नावावर आहे. पुढे १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनने मासेमारीवरच्या आपल्या लाडक्या पुस्तकात एक प्रसंग रंगवला. कुरणावर गवळ्याची पोर मार्लोचं गाणं म्हणते आणि तिची आई रॅलेचं. तरणी पोर ते, अनुभवी आई हे. या दोन कवितांवर याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

रंगमंचावर उत्तर मिळालं ते १६३४ मध्ये. जॉन मिल्टनने लडलो किल्ल्यातल्या एका समारंभासाठी लिहिलेल्या संगीत नाट्यात कोमस नावाचा मायावी राक्षस जंगलात चुकलेल्या तरुणीला खुर्चीला खिळवून ठेवतो आणि प्याला पुढे करतो. सौंदर्य हे साठवण्याचं नाणं नाही, दुर्लक्षिलेला गुलाब देठावरच सुकतो, वगैरे तोच सगळा पाठ. ती हलू शकत नाही, पण बोलू शकते, आणि बोलते. निसर्गाने दिलेलं भरभरून आहे, पण ते मूठभरांनी उधळायला नव्हे, सगळ्यांना बेताने वाटून मिळायला, असं ती त्याला सुनावते. ही भूमिका केली होती किल्ल्याच्या धन्याच्या मुलीने, ॲलिस एगर्टनने. वय वर्षं पंधरा.

आता वेचण्याकडे येऊ. रॉबर्ट हेरिक हा लंडनमधल्या सोनाराचा मुलगा, जन्म १५९१. पोर सव्वा वर्षाचं असताना बाप घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून मेला. दोनच दिवस आधी त्याने मृत्युपत्र केलं होतं, त्यामुळे लोक काय बोलले असतील ते कळतंच. बापाची हाडं कुठे आहेत हे ठाऊक नव्हतं म्हणून पस्तीस वर्षं आपण क्रियाकर्मालाही गेलो नाही, असं हेरिकने पुढे एका कवितेत लिहिलं. काकाच्या पेढीवर तो सोनारकाम शिकला, ते अर्धवट टाकून केंब्रिजला गेला, धर्मगुरू झाला आणि १६२९ मध्ये डेव्हन परगण्यातल्या डीन प्रायर या आडगावी चर्चचा पाद्री म्हणून नेमला गेला. लंडनच्या मैफलींत रमलेल्या माणसाला हे गाव म्हणजे शिक्षाच. तशी कुरकुर त्याने पद्यात केलीही आहे. लग्न केलं नाही. कवितेत ज्युलिया, अँथिया, कोरिना अशा नायिकांची रांग आहे. घरात होती ती प्रुडन्स बाल्डविन नावाची मोलकरीण, आणि तिच्यावरही त्याच्या कविता आहेत. चौदाशेच्या आसपास लहानमोठ्या कविता त्याने १६४८ मध्ये एका दणदणीत ग्रंथात छापल्या, ‘हेस्पेरिडीज’.

त्यातली सोळा ओळींची एक कविता जगभर गाजली. कुमारिकांना उद्देशून आहे ती. गुलाबकळ्या आहेत तोवर वेचा, सूर्य जितका वर चढला तितका मावळतीच्या जवळ, पहिलं वय सर्वांत ऊबदार. इथवर सगळं ओळखीचं. शेवटच्या कडव्यात मात्र हेरिक म्हणतो, तेव्हा लाजत बसू नका, लग्न करून टाका. लग्न! कुणाच्या खोलीत शिरण्याची गोष्टच नाही. बोलणारा स्वतःसाठी काही मागत नाही. गावचा पाद्री चर्चच्या दारात उभा राहून पोरींना सांगतो आहे की वेळेवर उजवा. त्या काळी इंग्लंडात बायकांचं लग्नाचं सरासरी वय सव्वीसच्या आसपास होतं. नोकरी करून गाठीला काही जोडल्याशिवाय गरिबाघरच्या पोरीचं लग्न होत नसे. म्हणजे हा उपदेश ऐकणारी पोर बालिका नव्हती, कुणाच्या तरी शेतावर दहा वर्षं राबलेली बाई होती, आणि वर्षं निघून जातात हे तिला पाद्रीबाबांनी सांगायची गरज नव्हती.

या गुलाबकळ्यांना आणखी एक काटा आहे. बायबलच्या १६११ च्या राजमान्य भाषांतरासोबत जी उपग्रंथांची पुरवणी छापलेली असे, तिच्यात ‘सॉलोमनचं शहाणपण’ नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात काही लोक म्हणतात की आयुष्य सावलीसारखं सरतं, चला मद्य पिऊ, कोमेजण्याआधी गुलाबकळ्यांचे मुकुट घालू. म्हणतं कोण? दुर्जन. आणि पुढच्याच वाक्यांत ते गरीब सज्जनाला चिरडायचं आणि विधवेचीही गय करायची नाही, असं ठरवतात. हेरिक पाद्री होता. हा अध्याय त्याच्या चर्चमध्ये वाचला जाई. दुर्जनांच्या तोंडच्या कळ्या त्याने उचलल्या आणि लग्नाच्या हारात ओवल्या, हे नकळत झालं असेल असं मला वाटत नाही.

त्याची माझी आवडती कविता मात्र दुसरी आहे, कोरिनाला मे महिन्याच्या पहिल्या सकाळी उठवणारी. ऊठ, लोळत काय पडलीस, सगळी पोरं रानात जाऊन हिरव्या फांद्या घेऊन परतलीसुद्धा. दारादारांवर डहाळ्या लागल्या आहेत, रस्त्याचं रान झालंय. काहींच्या आणाभाका झाल्या, कुणी पाद्रीही ठरवून ठेवला. कुलपं उघडल्याच्या चावट गोष्टी चालल्यात आणि आपण अजून निघालोच नाही. पाच कडव्यांची ही कविता चार कडवी नुसती उत्सवात नाचते, आणि पाचव्यात एकदम अंधारून येतं. हेरिकचं वेचणं असं चारचौघांतलं आहे, पारिजातकाच्या झाडाखाली साऱ्या आळीने जमावं तसं.

आणि ही कविता छापली गेली तेव्हा हा उत्सव बेकायदा होता. राजा पहिला जेम्स याने १६१८ मध्ये रविवारी प्रार्थनेनंतर नाचगाणी, मे महिन्याचे खांब वगैरे करमणुकींना परवानगी देणारं फर्मान काढलं होतं, पहिल्या चार्ल्सने १६३३ मध्ये ते पुन्हा काढलं. असल्या करमणुकींना पाप मानणारी प्युरिटन मंडळी खवळली. १६४३ मध्ये राजाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या संसदेच्या हुकमाने ते फर्मान चव्हाट्यावर जाळलं गेलं, १६४४ मध्ये गावोगावचे मे-खांब उपटायचा कायदा झाला. राजनिष्ठ हेरिकची नोकरी १६४७ मध्ये गेली. पुढच्या वर्षी ग्रंथ आला, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १६४९ मध्ये, राजाचं मुंडकं उडालं. कोरिना, चल, असं म्हणणारा कवी मोडून टाकलेल्या जत्रेचं आमंत्रण देत होता. हे कळलं की ती हलकीफुलकी कविता हातात जड लागते.

राहिलं ओरबाडणं. अँड्र्यू मार्व्हेलची ‘टु हिज कॉय मिस्ट्रेस’ ही ४६ ओळींची कविता १६५० च्या आसपासची मानली जाते. मार्व्हेल हल शहराजवळचा, पाद्र्याचा मुलगा. १६५० ते १६५२ मध्ये तो यॉर्कशायरमधल्या एका सेनापतीच्या मुलीची शिकवणी करत होता, पुढे मिल्टनच्या हाताखाली सरकारी कचेरीत लागला आणि १६५९ पासून मरेपर्यंत हलचा खासदार होता.

कवितेचे तीन तुकडे आहेत, कोर्टातल्या वकिलासारखे. पहिला ‘जर’चा. जर आपल्याला वेळ आणि जागा मुबलक असती तर, बाई, तुझा हा आढेवेढ्यांचा खेळ गुन्हा नव्हता. तू तिकडे गंगेकाठी माणकं वेचली असतीस, मी इकडे हम्बरच्या काठी रडत बसलो असतो. (गंगेकाठी माणकं सापडत नाहीत हे आपल्याला माहीत, ईस्ट इंडिया कंपनी निघून पन्नास वर्षं झालेल्या इंग्लंडला हिंदुस्थानात काहीही सापडेल असं वाटत होतं. आणि हम्बर विनोदासाठी आली असली, तरी मार्व्हेलचा बाप १६४१ मध्ये त्याच खाडीत बुडून मेला होता.) मग तो कौतुकाचा हिशेब मांडतो. डोळे आणि कपाळ यांना शंभर वर्षं, प्रत्येक स्तनाला दोनशे, उरलेल्याला तीस हजार. बेरीज करा, तीस हजार पाचशे वर्षं होतात, आणि अजून हृदय बाकीच. मोजून प्रेम करण्याच्या सगळ्या कविपरंपरेची ही टिंगल आहे.

दुसरा तुकडा ‘पण’चा, आणि इथे हसू थिजतं. मागून काळाच्या रथाची चाकं ऐकू येतात, पुढे अनंताचं वाळवंट. थडग्यात तुझं जपलेलं कौमार्य किडे भोगतील, असं तो सरळ म्हणतो. एका बाईला मनवण्यासाठी इतकं किळसवाणं चित्र क्वचितच कुणी काढलं असेल. आमचे सर हा भाग आला की खिडकीबाहेर बघत वाचायचे.

तिसरा ‘म्हणून’चा. इथली क्रियापदं बघा. गुलाब नाही, कळी नाही. शिकारी पक्ष्यांसारखे होऊ, काळाने आपल्याला चघळण्याआधी आपणच त्याला गिळू, आयुष्याच्या लोखंडी दारांतून सुख हिसकून, फाडून काढू. हॉरेसच्या मळ्यातून निघालेली ही वाट इथे पोचते तेव्हा हातात खुडलेलं फळ नसून रक्ताळलेली चोच असते. कविता म्हणून मी हिला सगळ्यांत वरची मानतो. युक्तिवाद म्हणून ती चक्क फसवी आहे. वेळ असता तर थांबणं ठीक होतं, वेळ नाही, म्हणून थांबणं ठीक नाही. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं, पाऊस पडला नाही, म्हणून अंगण कोरडं, असं म्हणण्यासारखंच. अंगणात टँकर फुटला असेल. आणि त्या बाईकडे थांबण्याची दुसरी कारणं असतील.

ती होती. १५७६ पासून इंग्लंडात कायदा होता की अनौरस मुलाच्या आईबापांना शिक्षा व्हावी आणि पोटगी वसूल व्हावी. १६१० च्या कायद्याने असं मूल गावाच्या गळ्यात पडलं तर आईला वर्षभर सुधारगृहात डांबता येऊ लागलं. १६२४ चा कायदा तर असा की लग्नाविना झालेलं मूल मेलं आणि आईने ते लपवलं, तर ते मेलेलंच जन्मलं हे तिने सिद्ध करावं, नाहीतर फाशी. आणि १६५० च्या मे महिन्यात, म्हणजे ही कविता लिहिली गेली असं मानतात त्या सुमारास, संसदेने विवाहबाह्य संबंधांना मृत्युदंड आणि अविवाहितांच्या संबंधांना तीन महिने कैद ठरवली. तुरुंग कागदावर दोघांना होता. पोट मात्र एकीचंच दिसणार होतं. मार्व्हेलच्या नायिकेला इंग्रजीत ‘कॉय’ म्हटलं आहे, आपण लाजरी, मानिनी असं भाषांतर करतो. सावध म्हटलं तर जास्त खरं होईल.

हेरिकला राजसत्ता परत आल्यावर त्याचं चर्च परत मिळालं. त्याच आडगावात तो १६७४ मध्ये, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन गेला. पुरला तिथे दगड नाही. बापाची कबर त्याला ठाऊक नव्हती, त्याची आपल्याला नाही. मार्व्हेल १६७८ च्या ऑगस्टमध्ये हिवतापाने गेला. जगाच्या लेखी अविवाहित, आणि ही कविता त्याने हयातीत छापली नव्हती. त्याच्या मागे घर सांभाळणारी मेरी पामर पुढे आली. आमचं गुपचूप लग्न झालं होतं, मी त्याची विधवा, असा तिचा दावा होता. कोर्टकज्जे झाले, आणि त्याच्या अभ्यासकांतले बरेच जण आजही तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण १६८१ मध्ये मार्व्हेलच्या कवितांचा पहिला संग्रह निघाला, तो तिच्याकडच्या कागदांवरून. या कविता माझ्या दिवंगत पतीच्या हस्ताक्षरातून उतरवल्या आहेत, एवढी चिठ्ठी पुस्तकाच्या सुरुवातीला आहे, आणि खाली सही आहे, मेरी मार्व्हेल.